मु. पो. ता. जि. : नांदेड-लातूरचा पत्ता परदेशी फॉर्ममध्ये का बसत नाही?

समजा, मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावरची मुलगी जर्मनीतल्या विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज भरतेय. नाव झालं, जन्मतारीख झाली, मार्क झाले. मग समोर आला रकाना, 'स्ट्रीट अँड हाऊस नंबर'. त्यापुढे लाल चांदणी, म्हणजे तो रिकामा सोडता येणार नाही. तांड्यावर स्ट्रीट नाही. घराला नंबर आहे, पण तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या रजिस्टरमध्ये. पोस्टमनने तो कधी पाहिलेला नाही. पुढचा रकाना 'सिटी'. आता इथं काय लिहायचं? तांड्याचं नाव, पोस्ट जिथं आहे त्या गावाचं, मुखेड की नांदेड?

बहुतेक जण अशा वेळी काहीतरी लिहून पुढे जातात. स्ट्रीटच्या जागी 'एनए', घर नंबरच्या जागी '१', सिटीच्या जागी 'नांदेड'. फॉर्म सबमिट होतो. प्रश्न सुरू होतो तो पत्र, पार्सल किंवा पैसे निघाल्यावर.

यात चूक मुलीची नाही आणि तांड्याचीही नाही. पत्ता कसा असतो याबद्दल फॉर्म बनवणाऱ्याने जे गृहीत धरलंय, ती गडबड आहे. सॉफ्टवेअरमध्ये पत्ता साठवणं हा वरवर किरकोळ वाटणारा विषय आहे. प्रत्यक्षात जगभरच्या प्रोग्रामरना तो छळतो. का, ते नांदेड-लातूरच्या पत्त्यावरूनच नीट समजतं.

आधी आपला पत्ता समजून घेऊ

'मु. पो. ता. जि.' हे चार शब्द मराठी माणूस शाळेत पत्रलेखन शिकताना पाठ करतो आणि नंतर त्यांचा अर्थ विसरून जातो. मु. म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते गाव. पो. म्हणजे पोस्ट, त्या गावाचं टपाल ज्या डाकघरातून वाटलं जातं ते ठिकाण. दोन्ही एकाच गावात असेल तर 'मु. पो.' एकत्र लिहायचं. नसेल तर वेगवेगळं: 'मु. अमुक तांडा, पो. तमुक'. किनवट, मुखेड, कंधार या भागातले तांडे, वाड्या आणि शेतातले आखाडे बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात येतात.

म्हणजे हा पत्ता रस्त्यावर उभाच नाही. तो एका डाकघरावर उभा आहे. पत्र त्या डाकघरात पोहोचलं की पुढचं काम पोस्टमनच्या ओळखीचं. 'स्ट्रीट' विचारणाऱ्या फॉर्ममध्ये नेमका हा डाकघराचाच रकाना नसतो.

आपल्याकडच्या एका मोठ्या यंत्रणेने मात्र हे ओळखलंय. आधारच्या ई-केवायसी माहितीत गाव किंवा शहर वेगळं, डाकघर वेगळं, उपजिल्हा (म्हणजे आपला तालुका) वेगळा आणि जिल्हा वेगळा ठेवलेला असतो. जवळच्या खुणेसाठीही स्वतंत्र जागा आहे. थोडक्यात, 'मु. पो. ता. जि.' सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतं. बसवायची इच्छा लागते.

पिन कोड टाकला की सगळं आपोआप कळतं ना?

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी केली ती केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते मराठी होते आणि संस्कृत कवी म्हणूनही ओळखले जात. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या यातून टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून सहा अंकी आकडा आला. पहिला अंक टपाल विभागाचा, पहिले दोन उपविभागाचे, पहिले तीन वर्गवारी जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या डाकघराचे.

यातला 'वर्गवारी जिल्हा' टपाल खात्याच्या सोयीचा असतो, महसुली जिल्ह्याशी त्याचं देणंघेणं नाही. लातूर शहराचा पिन ४१३५१२, नांदेडचा ४३१६०१. दोन्ही मराठवाड्यातले आणि एकमेकांना लागून असलेले जिल्हे, तरी पहिले तीन आकडे वेगळे. लातूरचे ४१३ जुळतात सोलापूरशी (४१३००१) आणि चक्क पुणे जिल्ह्यातल्या बारामतीशीही (४१३१०२). नांदेडचे ४३१ जुळतात छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, बीड आणि हिंगोलीशी. त्यामुळे पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ओळखणारं सॉफ्टवेअर इथं हमखास तोंडावर पडतं.

आता जरा ४१३ आणि ४३१ कडे पुन्हा बघा. आकडे तेच, फक्त दोघांची अदलाबदल. उदगीरचा पिन ४१३५१७. घाईत टाइप करताना दुसरा आणि तिसरा अंक उलटला तर होतो ४३१५१७, आणि तो आहे बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचा. दोन्ही पिन खरे आहेत. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे अशी चूक लगेच पकडली जाते. पिन कोडमध्ये असा तपासणीचा अंक नाही. 'सहा अंक आहेत, बरोबर आहे' म्हणून फॉर्म तो मुकाट स्वीकारतो.

म्हणूनच 'फक्त पिन साठवा, बाकीचं त्यावरून काढू' हा प्रोग्रामरचा आवडता शॉर्टकट धोक्याचा ठरतो. पत्त्यात उदगीर, लातूर आणि ४१३५१७ हे तिन्ही असतं तेव्हा एक चुकलं तरी उरलेली दोन चूक दाखवून देतात. पिन टाकल्यावर फॉर्मने गाव सुचवावं, त्याला हरकत नाही. पण माणसाने लिहिलेलं खोडून स्वतःचं बसवू नये. शिवाय देशात डाकघरं दीड लाखाहून जास्त आणि पिन कोड १९ हजारांच्या आसपास. एका पिनखाली कितीतरी गावं येतात. त्यातलं नेमकं कोणतं, ते पिनला ठाऊक नसतं.

नावांवर विसंबावं म्हटलं तर तिथंही गंमत आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर 'नांदेड सिटी' नावाची मोठी वसाहत आहे. हवेली तालुक्यातल्या नांदेड गावावरून ते नाव पडलं. 'नांदेड सिटी' वाचून सिटी म्हणजे नांदेड असा अर्थ लावणारं सॉफ्टवेअर पार्सल ४०० हून अधिक किलोमीटर चुकीच्या दिशेला धाडू शकतं. खुद्द नांदेडही कागदोपत्री एका नावाचं नाही. महापालिका 'नांदेड-वाघाळा', रेल्वे स्टेशन 'हुजूर साहिब नांदेड'. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमुळे कॅनडा आणि ब्रिटनमधली शीख कुटुंबं या शहराला हुजूर साहिब म्हणूनच ओळखतात. पत्ता शोधणाऱ्या प्रणालीला ही सगळी नावं एकाच शहराची आहेत हे माहीत असावं लागतं.

उलट दिशेने पाहू: इथून परदेशात

दिवाळीचा फराळ अमेरिकेला निघाला. न्यू जर्सीतलं एडिसन हे भारतीयांचं ओळखीचं ठिकाण, तिथला एक झिप कोड ०८८२०. लातूरच्या दुकानदाराने ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये ठेवलीय. एक्सेलला वाटलं हा आकडा आहे, त्याने पुढचं शून्य उडवून टाकलं. उरलं ८८२०. असा झिप कोड अमेरिकेत नाही.

पिन काय किंवा झिप काय, दिसायला संख्या असली तरी ती संख्या नव्हेच. तिची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. ती अक्षरांसारखी, मजकूर म्हणूनच साठवायला हवी. भारतात ही चूक लपून राहते, कारण आपला एकही पिन शून्याने सुरू होत नाही. इथल्या डेव्हलपरला ती वर्षानुवर्षं दिसतही नाही.

कॅनडाचा कोड एक अक्षर, एक अंक असा आलटून पालटून चालतो. 'फक्त अंक टाका' म्हणणारा फॉर्म तो घेणारच नाही. ब्रिटनच्या कोडची लांबीही कमी-जास्त होते. सिंगापूरचा कोड आपल्यासारखाच सहा अंकी असतो, त्यामुळे सहा अंक म्हणजे भारत हेही खरं नाही. आणि दुबईत कोडच नाही! संयुक्त अरब अमिरातीत टपाल पोस्ट बॉक्सवर चालतं. पिन कोडचा रकाना सक्तीचा ठेवला की तिथल्या मराठी माणसाला पाच शून्यं टाकून फॉर्मची समजूत काढावी लागते. हाँगकाँग आणि कतारचंही तेच. आयर्लंडने तर २०१५ साली कोड आणले.

क्रमाचं वेगळंच. आपण घरापासून सुरू करून देशापर्यंत जातो. जपानी भाषेत पत्ता मोठ्याकडून लहानाकडे येतो: आधी कोड, मग प्रांत, शहर, विभाग, ब्लॉक आणि सगळ्यात शेवटी माणसाचं नाव. जर्मनीत घर नंबर रस्त्याच्या नावानंतर लागतो आणि टपाल कोड शहराच्या आधी, '१०११५ बर्लिन' असा. ब्रिटनच्या पत्त्यात राज्य हा प्रकारच नाही.

पूर्वी हे सगळं टपाल कर्मचारी डोळ्यांनी वाचून सांभाळून घेत. आता तशी सोय कमी होतेय. १ जानेवारी २०२१ पासून जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार वस्तू असलेल्या आंतरराष्ट्रीय टपालाची माहिती आधीच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवावी लागते. म्हणजे पार्सलच्या आधी पत्त्याचा डेटा जातो, आणि तो डेटा चुकला तर डबा घट्ट बांधलेला असूनही फराळ अडकतो.

मग पत्ता साठवायचा कसा?

दोन टोकं आहेत. एक म्हणजे सगळा पत्ता एका मोठ्या चौकोनात, माणसाने जसा लिहिला तसा. यात कुणावर जबरदस्ती नाही, पण 'लातूर जिल्ह्यातले ग्राहक किती' असं विचारलं की सॉफ्टवेअर गप्प. दुसरं टोक म्हणजे वीस-बावीस काटेकोर रकाने. यात शोधणं सोपं, पण जगातल्या निम्म्या पत्त्यांना खोटं बोलायला लावणारं.

व्यवहारात मधला रस्ता चालतो. सगळ्यात आधी देश विचारायचा आणि तो यादीतून निवडून आंतरराष्ट्रीय दोन अक्षरी कोडने साठवायचा. देश कळला की त्यानुसार फॉर्म बदलायचा. भारत असेल तर डाकघर, तालुका, जिल्हा, राज्य आणि पिन. अमिराती असेल तर पोस्ट बॉक्स. वरच्या ओळी मोकळ्या ठेवायच्या, त्यात तांडा येईल, गल्ली येईल, 'मारुती मंदिराच्या मागे' येईल. छापताना पत्ता ज्या देशात जाणार त्या देशाच्या साच्यात मांडायचा. पाठवणाऱ्याची सवय इथं कामाची नाही, कारण पत्ता वाचणारा तिकडे बसलाय.

हे साचे कुणी नव्याने शोधायची गरज नाही. जागतिक टपाल संघाचं 'एस ४२' नावाचं मानक यासाठीच आहे. गुगलची 'लिबअॅड्रेसइनपुट' ही खुली लायब्ररी कोणत्या देशात कोणते रकाने लागतात आणि कोणत्या क्रमाने छापायचे ते सांगते. तरीही अनेक कंपन्या अमेरिकेचा फॉर्म उचलून फक्त 'झिप' खोडून 'पिन' लिहितात. मुखेडच्या मुलीसमोर आलेला 'स्ट्रीट' असाच कुठल्या तरी दुसऱ्या देशातून आलेला असतो.

आणखी एक. रकाने कितीही भरले तरी माणसाने मुळात लिहिलेला मजकूर जसाच्या तसा बाजूला जपून ठेवावा. सॉफ्टवेअरने पत्त्याचे तुकडे करताना चूक केली, तर परत जायला तेवढंच शिल्लक असतं.

गाव तिथंच, नाव बदललं. नाव तेच, गाव हललं

लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर 'लातूर, जि. उस्मानाबाद' असं दिसतं. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणीत होतं. मागे गेलात तर नांदेडकर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, मग मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, घर न बदलता. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. बिहारमध्ये मात्र औरंगाबाद नावाचा जिल्हा आजही आहे. 'औरंगाबाद दिसलं की संभाजीनगर करा' अशी सरसकट बदली डेटाबेसमध्ये चालवली तर बिहारचे लोकही मराठवाड्यात येऊन राहतील.

यावर उपाय जुनाच आहे. नावाऐवजी कोड साठवायचा. २०११ च्या जनगणनेत नांदेडचा कोड ५११, लातूरचा ५२४ आणि तेव्हाच्या उस्मानाबादचा ५२५. कोडसमोरचं नाव एकाच ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं. फक्त जुन्या बिलावर किंवा मार्कमेमोवर त्या दिवशी जे नाव होतं तेच राहू द्यायचं. कागद जुना असेल तर पत्ताही त्या तारखेचाच हवा.

किल्लारीत याच्या उलट घडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नावं तीच राहिली, जमीन बदलली. लोक 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' म्हणतात, कागद बहुधा नुसतंच नाव लिहितो. नकाशावरचा जुना बिंदू साठवून ठेवलेल्या प्रणालीसाठी ते गाव अजूनही ओसाड भिंतींच्या जागीच आहे.

मराठीत लिहिलं तर?

लिहायला हवंच, पण सॉफ्टवेअरची तयारी हवी. 'नांदेड' हा शब्द इंग्रजीत सहा बाइटमध्ये मावतो. देवनागरीत त्यालाच १८ बाइट लागतात, कारण प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना, मात्रा आणि अनुस्वारालाही, तीन-तीन बाइट. ४० बाइटची मर्यादा घातलेल्या रकान्यात मराठी पत्ता तेराव्या चिन्हावर तुटतो, कधी कधी एखाद्या अक्षराच्या अर्ध्यात.

मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला ४३१६०१ कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अंकांपेक्षा वेगळा असतो. चांगला फॉर्म तो स्वतः बदलून घेतो. वाईट फॉर्म 'कृपया वैध पिन कोड टाका' म्हणत बसतो आणि माणूस आपलं काय चुकलं ते शोधत राहतो.

आणि ते 'बु.' आणि 'खु.'! बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. एकाच नावाची दोन शेजारी गावं ओळखायचा हा शेकडो वर्षांचा उपाय. पत्त्यातली 'अनावश्यक' चिन्हं आणि आखूड शब्द साफ करणारं सॉफ्टवेअर हा 'बु.' कचरा समजून काढून टाकतं आणि दोन गावांचं एक करून ठेवतं.

परदेशातून येणाऱ्या टपालासाठी जागतिक टपाल संघाचा सल्ला असा की पत्ता रोमन लिपीत असावा, आणि जिथं पोहोचवायचाय तिथली लिपी वेगळी असेल तर त्या लिपीतही द्यावा. म्हणजे आदर्श सॉफ्टवेअर दोन्ही लिपीतला पत्ता शेजारी-शेजारी ठेवेल.

पैशांचा संबंध कुठे येतो?

दोन ठिकाणी. पहिला जीएसटी. माल कोणत्या राज्यात गेला यावर सीजीएसटी-एसजीएसटी लागणार की आयजीएसटी, ते ठरतं. देगलूर आणि उदगीरच्या व्यापाऱ्यांचे ग्राहक सीमेपलीकडे तेलंगणा आणि कर्नाटकातही असतात. राज्याचा रकाना चुकला तर बिलच चुकलं.

दुसरा संबंध परदेशातून येणाऱ्या पैशांचा. बँकांच्या स्विफ्ट यंत्रणेत वर्षानुवर्षं नाव आणि पत्ता मिळून ३५ अक्षरांच्या चार ओळी चालायच्या. कुठं काय लिहायचं याला बंधन नव्हतं. आता नवी संदेशपद्धत आलीय. नोव्हेंबर २०२६ पासून असा विस्कळीत पत्ता स्वीकारायचा नाही असं ठरलंय. निदान शहर आणि देश स्वतंत्र रकान्यात लागणार, उरलेलं ७० अक्षरांच्या दोन ओळींत. म्हणजे 'सिटीत काय लिहू?' हा तांड्यावरचा प्रश्न आता बँकेच्या सॉफ्टवेअरलाही सोडवावा लागेल.

डिजिपिनने हे सगळं मिटेल का?

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने तयार केलेला हा दहा चिन्हांचा कोड. सगळा देश साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागलाय आणि प्रत्येक चौकोनाला स्वतःचा कोड आहे. तांडा असो, आखाडा असो की गंजगोलाईतलं दुकान, सगळ्यांना सारखा. रस्त्याचं नाव नसलेल्या घरासाठी ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

पण डिजिपिन जागा सांगतो, पत्ता नाही. तिथं कोण राहतं, टपाल कोणत्या डाकघरातून येतं, हे त्यात नसतं. तीन मजली इमारतीतल्या वरच्या आणि खालच्या घराचा डिजिपिन एकच. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये तो जुन्या पत्त्याच्या जोडीला एक वेगळा रकाना म्हणून यायला हवा.

तोवर परदेशी फॉर्म भरताना

पहिल्या ओळीत वस्ती आणि डाकघर दोन्ही लिहा, 'अमुक तांडा, पोस्ट तमुक' असं. 'पोस्ट' हा शब्द गाळू नका. दुसऱ्या ओळीत तालुका आणि जिल्हा. 'सिटी'च्या रकान्यात ज्या गावाच्या डाकघराचा पिन वापरताय त्या गावाचं नाव टाका, म्हणजे नाव आणि पिन एकमेकांशी जुळतील. घर नंबर सक्तीचा असेल तर मनाने '१' न टाकता ग्रामपंचायतीच्या पावतीवरचा नंबर द्या. 'बु.' न लिहिता पूर्ण 'बुद्रुक' लिहा. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच ठेवा, आणि पिन टाकून झाल्यावर ४१३ आहे की ४३१ ते एकदा बघा.